बाळूच्या दुकानाबद्दल, मोंबासाहून

मोंबासा, केनिया

तीर्थरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

काकूचा फोन आला तेव्हा कळलं की बाळूने वैरागला स्वतःचं किराणा दुकान घालायचं ठरवलंय आणि तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंय. तुम्हाला का लागलंय ते मला कळतं. अर्ध्या चड्डीत आला, तुमच्या हाताखाली तागडी धरायला शिकला, वसुलीला एकटा जायला लागला, आणि आता आपलीच गिऱ्हाइकं घेऊन निघाला असं तुम्हाला वाटतंय. फोनवर तुमच्याशी वाद घालायची माझी छाती होत नाही, म्हणून लिहिते. इथल्या एका व्यापाऱ्याची हकीकत सांगते. ती वाचा आणि मग काय ते ठरवा.

मोंबासाच्या ट्रेझरी स्क्वेअरमध्ये अलीदीना विश्राम यांचा पुतळा आहे. कच्छमधल्या केरा गावचा माणूस, जन्म 1851 चा. वयाच्या बाराव्या वर्षी, 1863 मध्ये, तो समुद्र ओलांडून झांजीबारला उतरला. पुढे समोरच्या किनाऱ्यावर बागामोयोला, म्हणजे आताच्या टांझानियात, सेवा हाजी पारू यांच्या पेढीवर कामाला लागला. तेव्हा तोही एका पेढीवरचा बाळूच होता, काका.

त्या काळी बागामोयोच्या पुढे ना रस्ता, ना बँक. बैलगाडीसुद्धा चालायची नाही, कारण त्सेत्से माशी चावली की जनावरं मरत. सगळा माल माणसांच्या डोक्याखांद्यावरून जायचा. एका हमालाचं ओझं 60 ते 70 रत्तल, म्हणजे साधारण 30 किलो. त्यात कापडाचे ताके, पितळी तारेची वेटोळी, काचमण्यांच्या थैल्या. कापड अमेरिकेतलं जाडंभरडं मांजरपाट, आणि आपल्या मुंबईहून आलेलंही. टांगानिका सरोवराकाठच्या उजीजीपर्यंत काफिला महिनोन् महिने चालायचा आणि परतताना हस्तिदंत घेऊन यायचा. किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याने माल उधार दिला की हिशेब व्हायला वर्ष उलटून जायचं. मधल्या काळात माणूस जिवंत आहे की नाही, हेही कळायची सोय नव्हती.

मण्यांचं तर तुम्ही ऐकाच. प्रत्येक मुलखाची आवड वेगळी. एका ठिकाणी लाल पोवळ्याच्या रंगाच्या ‘सामी-सामी’ मण्यांवर लोक तुटून पडायचे, तर आठ दिवसांच्या वाटेवर पुढे त्यांना कुणी हात लावायचं नाही. तिथे पांढरे हवेत, नाहीतर काळे. चुकीचा रंग भरून नेला तर शेकडो कोसांची हमाली अंगावर, आणि खायला धान्यसुद्धा मिळायचं नाही, कारण ते मणीच तर पैसे. कुठल्या गावात यंदा काय खपतंय ही खबर ज्याच्याकडे, तोच तरायचा. ती खबर गल्ल्यावर बसून मिळत नाही. वाटेवर आपला माणूस बसवावा लागतो, आणि तो खरं सांगणारा लागतो.

1877 च्या सुमाराला अलीदीनांनी स्वतःचे काफिले सुरू केले. सेवा हाजी 1897 मध्ये वारले (दार-ए-सलामला त्यांच्या पैशातून रुग्णालय उभं राहिलं) आणि आतल्या मुलखातला बराचसा व्यवहार अलीदीनांकडे आला. तोपर्यंत इथे मोंबासाहून रेल्वेचं काम सुरू झालं होतं. 1896 मध्ये सुरुवात, 1899 मध्ये गाडी नैरोबीला आणि 1901 च्या अखेरीस व्हिक्टोरिया सरोवराला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर आणले, बहुतेक पंजाबातले. त्यातले जवळजवळ 2,500 मेले. रूळ पुढे सरकत तशी अलीदीनांची दुकानंही सरकत गेली, आणि सरोवरापलीकडे कंपाला, जिंजापर्यंत पोहोचली.

ही दुकानं कशी असत, ते मला आमच्या ओळखीच्या एका गुजराती आजोबांनी सांगितलं. त्यांचे वडील असेच पोरवयात आले होते. पत्र्याची एक खोली, पुढे ओटा, आत मिठाची पोती, साखर, काड्यापेट्या, रॉकेल, साबण, कापडाचे ताके. रात्री पोरगा पोत्यांवरच झोपायचा. दुपारी पत्रा असा तापायचा की आत बसवायचं नाही, आणि पावसात त्यावर एवढा आवाज की गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू यायचं नाही. सकाळी बायका डोक्यावर टोपल्या घेऊन यायच्या, तिळाच्या, मिरच्यांच्या, शेंगांच्या. पोरगा वजन करायचा, पैसे मोजून तिच्या हातावर ठेवायचा, आणि त्याच पैशातून ती मीठ आणि चार हात कापड घ्यायची. कापड हातानेच मापायचे, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. संध्याकाळी सगळं खतावणीत गुजरातीत उतरायचं. मलेरियाचा ताप भरला तरी दुकान उघडं, कारण दुसरा माणूस नाहीच.

युगांडात आधी कवड्या चालायच्या. मग 1900 च्या करारानं झोपडीमागे वर्षाला 3 रुपये कर बसला. रुपया आपलाच, हिंदुस्थानातला. शेतकऱ्याला तो रुपया मिळायचं ठिकाण म्हणजे हे पत्र्याचं दुकान. म्हणून दुकानदार गावात लागायचाच, आणि लोकांना तो खुपायचाही. मी काही त्या सगळ्यांना संत म्हणत नाही. आडरानातल्या दुकानात भाव चढे असणारच. हस्तिदंतासाठी किती हत्ती गेले, आणि त्या वाटांवर देवीनं, हगवणीनं किती हमाल गेले याचा हिशेब कुठल्याच खतावणीत नाही. त्या हमालांचा पुतळाही मी अजून पाहिलेला नाही. ते मनात सलतं.

आता मुद्द्याचं. अलीदीनांनी आपल्या पेढीवर तयार झालेल्या पोरांना बांधून ठेवलं नाही. देशातून आलेल्या पोराला आधी पगारावर घ्यायचे, हिशेब आणि इथली भाषा आली की पुढच्या ठाण्यावर बसवायचे, आणि स्वतःचं दुकान मांडायचं म्हणाला तर पहिला माल उधारीवर द्यायचे. इथल्या कितीतरी घराण्यांची सुरुवात त्या उधारीतून झाली. आजोबांच्या वडिलांचीही. ‘आमच्याकडे तारण म्हणून द्यायला अंगावरच्या सदऱ्याखेरीज काही नव्हतं,’ असं ते म्हणाले. मालकाचा तोटा होत नव्हता, काका. ते नवं दुकान माल अलीदीनांकडूनच उचलायचं, तीळ-मिरच्या, कातडी, मेण त्यांनाच विकायचं, आणि गावातली खबर त्यांनाच आधी कळवायचं. जिथे स्वतः जाता येत नव्हतं, तिथे त्यांचा शब्द चालायला लागला.

1916 मध्ये ते वारले. त्यानंतर त्यांची पेढी फार वर्षं टिकली नाही. त्यांच्या नावाची शाळा मात्र मोंबासात चालू आहे. शेजारचा मुलगा तिथेच शिकतो. आणि ज्यांना त्यांनी उधार माल दिला, त्यांच्या नातवंडा-पतवंडांची दुकानं मी किनाऱ्यापासून सरोवरापर्यंत बघते.

बाळू वैरागला दुकान घालणारच आहे. तुम्ही बोललात तरी आणि नाही बोललात तरी. त्याच्याकडे भांडवल नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तो सोलापूरच्या कुणा ठोक व्यापाऱ्याकडून चढ्या दरानं माल उचलेल आणि तुमच्या हातून दोन्ही जाईल, माणूसही आणि वैरागचं गिऱ्हाईकही. त्यापेक्षा डाळी, गूळ, तेल आणि साखरेचा पहिला माल आपल्याच दुकानातून जाऊ द्या. पैसे तीन महिन्यांनी घ्या. त्याची वसुलीची वही तुम्ही इतकी वर्षं तपासलीत, तिच्यात एका रुपयाचा घोळ निघाला नाही, हे तुम्हीच मला मागच्या दिवाळीत सांगितलं होतंत. एवढ्या वर्षांची ओळख असलेल्या माणसाला तीन महिन्यांची उधारी भारी नाही.

व्याज लावू नका, ही माझी विनंती. पण ते तुमच्या दुकानाचं आहे, मी बोलणार नाही. काटा मात्र त्याला तुमच्याकडचा जुना द्या, पितळी पारड्यांचा. वैरागची म्हातारी माणसं इलेक्ट्रॉनिक काट्यावर अजून विश्वास ठेवत नाहीत, असं बाळूच म्हणत होता.

यांची बदली पुढच्या वर्षीपर्यंत तरी नाही. मुलं मजेत आहेत, धाकटा स्वाहिली आमच्यापेक्षा बरी बोलतो. काकूचा गुडघा कसा आहे ते कळवा. तिला नमस्कार, आणि बाळूला माझा निरोप सांगा. तुम्ही स्वतः सांगा, काकूकरवी नको.

तुमची,
सुमा