‘वाय’ दाबायला बोट सरावलेले असते

महोदय,

पतसंस्थेचे कामकाज किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा संगणक अर्धा दिवस अडला की ‘मानवी चूक’ एवढाच खुलासा येतो आणि ऑपरेटरच्या हातात मेमो पडतो. सोलापूर जिल्ह्यात सर्व्हर सांभाळणारे म्हणून आम्हाला हे अपुरे वाटते.

चूक बहुधा जाणत्याच्याच हातून होते. पडद्यावर कमांड टाइप करायच्या दोन सारख्याच काळ्या खिडक्या, एक चाचणीच्या सर्व्हरची आणि एक चालू सर्व्हरची. प्रोग्रामचे कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीत 31 जानेवारी 2017 रोजी दुय्यम सर्व्हरवरचे फोल्डर पुसायचे होते, पुसले गेले मुख्य सर्व्हरवरचे. सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले. नेहमीचा बॅकअप तर निघतच नव्हता, आणि तो फसल्याचे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते! सहा तासांपूर्वी कुणी हाताने घेतलेल्या प्रतीवर निभावले.

चालू सर्व्हरची खिडकी लाल ठेवा. रोजचे लॉगिन फक्त माहिती पाहण्यापुरते असावे, बदलासाठी वेगळे. डेटाबेसमधल्या नोंदी पुसणारी डिलीट कमांड चालवण्याआधी तीच ‘व्हेअर’ अट (कोणत्या नोंदी, हे सांगणारी) लावून, नोंदी फक्त दाखवणाऱ्या सिलेक्टने ओळी मोजा. 12 हव्यात आणि 12,000 दिसल्या तर तिथेच थांबता येते. मग बिगिन (इथून पुढचा बदल मागे घेता येतो), डिलीट, पुन्हा मोजणी, आणि आकडा जुळला तरच कमिट (बदल पक्का). मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ड्रॉप (तक्ताच काढून टाकणे) आणि ट्रंकेट (तक्ता रिकामा करणे) यांना मात्र रोलबॅक, म्हणजे बदल मागे घेणे, नाही, हे अनेकांना घात झाल्यावर कळते. फोल्डर लगेच पुसू नका. नाव बदला, आठवडाभर कोणी ओरडत नाही हे पाहा, मग पुसा.

‘खात्री आहे?’ या प्रश्नाचा उपयोग नाही, ‘वाय’ (येस, म्हणजे हो) दाबायला बोट सरावलेले असते. मशीनचे नाव टाइप करायला लावले की डोळा जागा होतो. डेबियन या लिनक्स प्रणालीवर मॉली-गार्ड नावाचे फुकट पॅकेज आहे. दुरून जोडलेला सर्व्हर बंद करायला गेलात तर ते आधी त्याचे नाव विचारते.

महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून खात्यांच्या शिल्लक रकमा जुळवाव्यात. मार्चअखेरीस आणि गाळप हंगामात ही कामे रात्री दोन-तीनला उरकली जातात, तेव्हा हात लावणारा दमलेला असतो. व्यवस्थापनाने त्या वेळी कमांड मोठ्याने वाचून पाहायला दुसरा माणूस द्यावा, निदान फोनवर तरी.

— सर्व्हर देखभाल करणारे काही तंत्रज्ञ, सोलापूर