‘एकदाच घ्या, चांगलं घ्या’ने माझं वर्ष घालवलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही गोल्फला अर्धं पान दिलंत, बघून बरं वाटलं, कारण मराठी पेपरात गोल्फ म्हणजे अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकला चौथी आली तेव्हा दोन दिवस, आणि एरवी कुठल्या तरी जमिनीच्या भानगडीत. पण त्या लेखात नवशिक्यांना जो सल्ला दिलाय ना, की आयर्नचा, म्हणजे लोखंडी हेडच्या काठ्यांचा, सेट घ्यायचा तर फोर्ज्ड (ठोकून घडवलेली) ब्लेडच घ्या, मोठे खेळाडू तेच वापरतात, सुरुवातीला जड जाईल पण हात बसेल, आणि वर ‘एकदाच घ्या, चांगलं घ्या’, तो वाचून राहवेना. शब्दशः हेच वाक्य मी चार वर्षांपूर्वी एका दुकानात ऐकलं होतं आणि पाऊण लाख मोजून आलो होतो.

मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, राहणार मुलुंड पूर्व, आयुष्यभर टेनिस बॉल क्रिकेट खेळलेला. क्लबचं मेंबरशिप वगैरे आपल्या खिशाचं काम नाही, पण सिडकोचं खारघरचं गोल्फ कोर्स आहे, तिथे पैसे भरून खेळता येतं, म्हणून पाठीवर बॅग टाकून ठाण्याहून पनवेल लोकल धरतो. डब्यात हमखास कोणीतरी विचारतं, काका, मासे पकडायला का?

तर दुकानाची गोष्ट. एसी हॉल, समोर पडदा, खाली हिरवी चटई, बॉल मारला की स्क्रीनवर आकडा. माझा सेव्हन आयर्न, म्हणजे सात नंबरची काठी, दीडशे यार्ड दाखवत होता आणि मी हवेत. नंतर कळलं की चटई खोटं बोलते. खऱ्या गवतावर क्लब, म्हणजे काठी, बॉलच्या इंचभर आधी जमिनीत घुसला की फटका मेला, माती उडते आणि बॉल वीस पावलांवर. चटईवर मात्र तोच क्लब घसरत पुढे जाऊन बॉलला लागतो, आकडाही बऱ्यापैकी येतो, आणि आपली चूक आपल्याला दिसतच नाही. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याला विकायचं होतं आणि मला मिरवायचं होतं. बॉक्स उघडल्यावर ती पातळ, चकचकीत, सुरीसारखी हेडं बघून माझी बायकोसुद्धा म्हणाली, छान आहेत हो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खारघरला पहिल्यांदा ती बाहेर काढली. तिसऱ्या का चौथ्या फटक्याला बॉल हेडच्या टोकाकडे लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या, सीझनच्या बॉलवर थंडीच्या सकाळी बॅटची कड लागली की जातात तशा. बॉल उजवीकडे झाडीत. पुढचं वर्षभर हेच. मला वाटायचं माझाच हात वाईट, मी अजून जोरात मारायचो, अजून वाईट जायचं.

ब्लेड म्हणजे काय ते लेखात आलंच नाही म्हणून सांगतो. ब्लेडमध्ये सगळं वजन हेडच्या मधोमध, बॉलच्या मागे जमा असतं. बॉल बरोब्बर मध्ये लागला तर लोण्यासारखं वाटतं, प्रश्नच नाही. पण अर्धा इंच इकडेतिकडे झाला की हेड हातात फिरतं, दिशा गेली आणि अंतरही गेलं. कॅव्हिटी बॅकमध्ये मागची बाजू पोखरून ते वजन कडेला नेलेलं असतं. कावड आठवा. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असल्या की माणसाला पटकन गिरकी घेता येत नाही, तसंच कडा जड असलेलं हेड मिसहिटला सहज फिरत नाही. कार्स्टन सोल्हाइम नावाचा इंजिनिअर होता, जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी, स्वतःचं पटिंग वाईट म्हणून वैतागून त्याने १९५९ साली घरच्या गॅरेजमध्ये असा कडांना वजन असलेला पटर (बॉल होलमध्ये ढकलायचा क्लब) बनवला, त्याची पुढे पिंग कंपनी झाली आणि तीच युक्ती आयर्नमध्ये आली. म्हणजे हे चुकणाऱ्यांसाठी एका चुकणाऱ्याने काढलेलं हत्यार आहे, यात लाजण्यासारखं काय आहे? आणि मोठे खेळाडू ब्लेडच वापरतात हेही अर्धवट. टायगर वुड्स वापरतो, खरंय, पण बरेच प्रो लांब मारायच्या तीन-चार नंबरला कॅव्हिटी ठेवतात आणि फक्त छोट्या क्लबना ब्लेड. त्यांनाही माफी लागते, आपण कोण?

माझे डोळे उघडले ते चेंबूरला. तिथला प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा, माझा कॉलेजचा एक मित्र मेंबर आहे, त्याने पाहुणा म्हणून नेलं. बॅग उचलणारा कॅडी पन्नाशीचा, अबोल. तिसऱ्या होलला मी परत उजवीकडे मारला तेव्हा त्याने माझ्या हातातला सेव्हन घेतला, टॉवेलने पुसला आणि उन्हात तिरपा धरला. म्हणाला, साहेब, हे बघा. फेसवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूवर, बॉलच्या घासण्याचे डाग होते, एक टोकाला, दोन दांड्याकडच्या हीलला, एक पार खालच्या कडेवर, सगळीकडे पसरलेले. मग माझ्या मित्राच्या बॅगेतला सेव्हन काढला, त्याच्यावर मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा एकच डाग. “ज्याचा डाग एका जागी, त्याने ब्लेड घ्यावी. तुमचा अजून गावभर फिरतोय.”

वर्षभर मी यूट्यूब बघत होतो, पण माझ्याच क्लबवर लिहिलेलं मला वाचता आलं नव्हतं.

पुढे त्यानेच शाफ्टला, म्हणजे दांड्याला, हात घातला. माझ्या सेटला जड स्टीलचे स्टिफ, म्हणजे कमी लवणारे, शाफ्ट होते, एकेक साधारण १३० ग्रॅमचा, का तर दुकानात जास्त लवणाऱ्या शाफ्टसाठी ‘सीनियर’ शब्द ऐकून मला राग आला होता. हा सीनियर वयाचा नाही हो, वेगाचा आहे. ढोबळ हिशोब असा की ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, फिरवायचा वेग ताशी ९५ मैलांच्या पुढे असेल तर स्टिफ, ८५ ते ९५ ला रेग्युलर, त्याखाली सीनियर. पीजीए टूरवरच्या लोकांची सरासरी ११० च्या वर जाते. माझा नंतर मोजला तर ७९. म्हणजे मी ट्रकचे पाटे स्कूटरला लावून फिरत होतो, बॉल खाली खाली आणि उजवीकडे जाणारच. सरळ पन्नाशी-साठीच्या आणि मनगट-कोपर दुखणाऱ्या माणसाने ग्रॅफाइट बघावा, पन्नास ते ऐंशी ग्रॅममध्ये मिळतो, धक्काही कमी बसतो. आणि एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफसारखा निघतो, त्याला काही सरकारी माप नाही, तेव्हा अक्षर बघून घेऊ नका, मारून बघा.

आता एक गंमत, ही कोणी सांगत नाही. दुकानात म्हणतात ना, हा नवीन सेव्हन तुमच्या जुन्यापेक्षा पंधरा यार्ड लांब जातो. जाणारच! पूर्वी सेव्हनचा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कललेला कोन, ३५-३६ डिग्री असायचा, आताच्या नवशिक्यांना सोप्या अशा गेम इम्प्रूव्हमेंट सेटमध्ये तो २८ ते ३० वर आणलाय. म्हणजे जुना पाच-सहा नंबरच, त्यावर सात लिहिलंय. तक्रार नाही, वजन खाली असल्यामुळे बॉल वर चढतो, चालतं. पण त्या नादात पिचिंग वेज (जवळून उंच मारायचा क्लब) पण ४३-४४ डिग्रीचा झाला, आणि तुमचा सँड वेज ५६ चा. मध्ये बारा-तेरा डिग्रीचं भगदाड. ग्रीनपासून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतापासून, नव्वद यार्डांवर उभं राहिलं की हातात काही नाही, एक फार लांब, दुसरा फार तोकडा. तेव्हा क्लबवरचा नंबर सोडा, लॉफ्ट किती ते विचारा, आणि पन्नासच्या आसपासचा एक वेज मध्ये घाला.

लांबी, लाय अँगल (दांडा हेडला ज्या कोनात बसतो तो), ग्रिपची जाडी यावरही पुष्कळ बोलता येईल, पण घरी करायची एक टेस्ट सांगतो. बॉलवर मार्करने उभी जाड रेघ मारायची, ती फेसकडे येईल असा बॉल ठेवायचा आणि मारायचा, शाई फेसवर उमटते. रेघ सरळ उभी उमटली तर लाय ठीक, कलली तर बदलायला हवा. फोर्ज्ड हेड एक-दोन डिग्री वाकवून मिळतं, एवढा एक फायदा त्याचा मान्य. कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेलं, कडक असतं, मोडायची भीती म्हणून सगळे हात लावत नाहीत, ते आधीच नीट निवडावं लागतं.

सोल, म्हणजे हेडचा तळ, त्याबद्दल मात्र मुंबईकराने बोलायलाच हवं. परदेशी व्हिडिओत सगळं कोरडं, कापलेलं गवत. आपल्याकडे चार महिने चिखल. पातळ सोलची ब्लेड जुलैच्या जमिनीत विळ्यासारखी रुतते, मी तर एकदा बॉलपेक्षा मोठं ढेकूळ पुढे उडवलंय आणि मागच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ज्याची स्विंग उभी, वरून खाली कुदळ मारल्यासारखी येते आणि डिव्हट, म्हणजे गवतातले खड्डे, खोल पडतात, त्याने रुंद सोल घ्यावा, तो रुतत नाही, सरकतो. ज्याचा क्लब गवतावरून झाडू मारल्यासारखा सपाट जातो त्याला पातळ सोल चालेल. हे एसीतल्या चटईवर कळणार तरी कसं.

शेवटी मी काय केलं, तर सेकंड हँड कॅव्हिटीचा सेट घेतला, ग्रॅफाइट, सीनियर फ्लेक्स, रुंद सोल, फेस दांड्यापेक्षा जरा मागे असलेला, ज्याला ऑफसेट म्हणतात, त्याने फेस बंद व्हायला क्षणभर जास्त मिळतो आणि माझ्यासारख्याचा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळणारा फटका, कमी होतो. फेसवरच्या ग्रूव्हमध्ये, म्हणजे खाचांमध्ये, नख अडकतंय का ते बघून घेतला, ग्रिप बदलल्या, आमच्या घामात जुनी रबरी ग्रिप साबणासारखी होते. तीन-चार नंबर घेतलेच नाहीत, त्याऐवजी एक हायब्रिड, लांब मारायला सोपा क्लब. नियमाने बॅगेत चौदा क्लब चालतात म्हणून चौदा भरायलाच हवेत असं कुठेय, लोकलमध्ये मी आठच नेतो. स्विंग काही जादूने सुधारली नाही, अजूनही मास्तरांकडे जातोच, पण वाईट फटका आता निदान कोर्सच्या हद्दीत राहतो.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा आधी एखाद्या कॅडीला दाखवा. चेंबूरच्या वस्तीतली कॅडींची पोरं गल्लीत लोखंडी सळई वाकवून, प्लास्टिकच्या बॉलने गोल्फ खेळतात, हे तुमच्याही कानावर असेलच. त्या दिवशी परतताना मी माझ्या कॅडीला विचारलं, तुम्ही पहिला क्लब कुठला वापरलात? म्हणाला, सळई, वडिलांनी माझ्या उंचीची कापून दिली होती, धाकट्या भावाला वेगळी.

ब्लेडचा सेट माझ्याकडे अजून आहे. विकायला काढला तर निम्मेही येत नाहीत. त्यातला नऊ नंबर स्वयंपाकघराच्या दारामागे असतो, माळ्यावरची पिशवी पुढे ओढायला. सोल पातळ आहे, बंदात बरोबर अडकतो.

आपला,
एक नियमित वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई