सेक-१८ बिघडलं की पेशीत नेमकं काय अडतं?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, "एक जनुक बिघडलं तर पेशीतली सगळी वाहतूक कशी काय ठप्प होते?" हे तुम्ही विचारलंत, ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी आहे. मधलं किचकट वाटलं तर सरळ तिथे जा.

सेक-१८ हे यीस्टमधलं जनुक. रँडी शेकमन, पीटर नोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली स्राव अडवणाऱ्या उत्परिवर्तनांची २३ जनुकं मांडली, त्यातलं हे एक. पेशीबाहेर जाणारं प्रथिन आधी ईआरमध्ये, म्हणजे अंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, शिरतं. तिथून पुटिकांत, म्हणजे पटलाच्या चिमुकल्या पिशव्यांत, भरून गॉल्जी या मधल्या ठाण्याकडे आणि पुढे दुसऱ्या पुटिकांतून पेशीपटलाकडे जातं. प्रत्येक मुक्कामाला पुटिकेचं पटल समोरच्या पटलात मिसळावं लागतं. हे मिसळणं घडवतात स्नेअर प्रथिनं. काही पुटिकेवर असतात, काही समोरच्या पटलावर. भेट झाली की त्यांचे चार पेड एकमेकांभोवती दोरासारखे पिळले जातात, त्या ओढीने पटलं चिकटतात आणि एक होतात.

माझ्या मते खरी मेख यानंतर आहे. पटलं एक झाली तरी पीळ तसाच राहतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसाच हा चिवट. चेतापेशीतला नमुना एसडीएससारख्या जहाल डिटर्जंटमध्ये घालून न उकळता जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या चकतीवर) चढवला, तर तिन्ही स्नेअर प्रथिनांचा (चार पेडांपैकी दोन एकाच प्रथिनाचे असतात) मिळून वर एक पट्टा दिसतो. उकळून चढवला तर तिन्ही आपापल्या जागी सुटी दिसतात. पिळलेलं स्नेअर दुसऱ्या खेपेला निरुपयोगी. ते सोडवतं सेक-१८ चं प्रथिन, प्राण्यांतलं एनएसएफ. सहा सारख्या रेणूंचं हे कडं. सेक-१७ या मदतनीस प्रथिनाच्या मध्यस्थीने ते पेडांना धरतं आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून त्यांना सुटं करतं. पूर्वी उलटं वाटायचं, की पटलं मिसळवतं ते हेच. वाटणं साहजिक होतं, कारण हे बंद पाडलं की मिसळणं थांबतं. पण १९९६ मध्ये यीस्टच्या रिक्तिकांवरच्या (पेशीतल्या मोठ्या पिशव्यांवरच्या) प्रयोगांत दिसलं, की याचं काम पटलं एकमेकांना भिडण्याआधीच उरकलेलं असतं. थोडक्यात, आवराआवर थांबली की सुटी स्नेअर संपतात, आणि मग सगळेच टप्पे बंद.

आता हे ओळखायचं कसं? सेक-१८ चं उष्णतेला नाजूक वाण २५ अंशांवर नीट वाढतं आणि ३७ वर ठप्प होतं. पाहायचं असतं कार्बोक्सिपेप्टिडेज-वाय हे गॉल्जीतून बाहेर न जाता रिक्तिकेत जाणारं प्रथिन, कारण त्याचं वजनच मुक्काम सांगतं: ईआरमध्ये ६७ किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं माप), गॉल्जीत ६९, रिक्तिकेत पोचून तुकडा तुटला की ६१. नुसतं प्रतिपिंड लावून पेशीतलं हे सगळं प्रथिन पाहिलं तर फसगत ठरलेली. हे प्रथिन टिकाऊ असल्यामुळे तापमान वाढवण्याआधी तयार झालेलं ६१ चं ढीगभर दिसतं आणि काही अडलंच नाही असं वाटतं. म्हणून पेशी आधी ३७ वर नेतात, मग पाच-एक मिनिटं किरणोत्सारी गंधक असलेलं मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) देतात, त्यानंतर भरपूर साधं मेथिओनिन घालून अर्धा तास थांबतात. शेवटी पेशीचं काम थांबवायला सोडियम अझाइड आणि बर्फ. म्हणजे फक्त त्या पाच मिनिटांत बनलेला माल दिसतो. सेक-१८ च्या वाणात ६७ चा एकच पट्टा, शेजारच्या निरोगी वाणात ६१ चा.

सेक-१८ च्या वाणातही ६१ ची फिकट रेघ आली तर आधी पाणी-टब तपासायचा. मोठ्या फ्लास्कमधलं द्रव सावकाश तापतं, तोवर बराच माल निसटतो. थोडंच कल्चर घ्यावं आणि त्यात आधीच गरम केलेलं माध्यम मिसळावं. तरीही रेघ राहिली तर वाणातच उलट उत्परिवर्तन होऊन काही पेशी सुधारलेल्या असतात. दोन प्लेटवर रेघा ओढून एक २५ वर, एक ३७ वर ठेवली की कळतं. ३७ वर वसाहती उगवल्या तर ते कल्चर टाकायचं आणि गोठवलेल्या मूळ साठ्यातून नवं घ्यायचं. नुसत्या उष्णतेनेही पेशी जरा बिथरतात, म्हणून निरोगी वाण शेजारी हवंच.

एवढ्याने माल ईआरच्या पुढे गेला नाही इतकंच कळतं. पुटिका सुटलीच नाही, की सुटून मिसळली नाही, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सांगतो. सेक-२३ हे त्याच यादीतलं दुसरं जनुक बिघडलं तर पुटिका बनतच नाहीत. सेक-१८ बिघडलं तर सुमारे ५० नॅनोमीटरच्या पुटिकांचा खच पडतो. दोन्ही बिघडवली तर खच दिसत नाही, म्हणजे सेक-२३ चा नंबर आधी. इतका स्वस्त आणि इतका नेमका पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

आई, तू विचारलंस की माणसात याने कोणता आजार होतो. माणसात एनएसएफचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. ते पूर्ण बंद पडलं तर पेशी तगणंच कठीण, म्हणून आजार क्वचितच दिसतो. काही बाळांत मात्र आईवडिलांत नसलेला बदल नव्याने होतो आणि जन्मानंतर लवकरच औषधांना न जुमानणाऱ्या फिट्स सुरू होतात. चेतापेशींनाच फटका का, हे फळमाशीवरून ध्यानात येतं. ओबेद सिद्दीकी आणि सीमोर बेंझर यांनी १९७६ मध्ये उष्णतेने लुळी पडणारी माशी वर्णन केली होती. तिच्यात एनएसएफचंच जनुक बिघडलेलं आहे, हे पुढे कळलं. माशीत अशी दोन जनुकं असल्यामुळे एक अडूनही ती जगते. पण चेतासंधीवर, म्हणजे चेतापेशींच्या जोडावर, पुटिका सतत रित्या होत असतात, तिथे पीळ साचतो आणि माशी पडते. थंड जागी आणली तरी ती लगेच उठत नाही, साचलेले पीळ सुटायला वेळ लागतो.

काही अडलं तर बाबांनी समासात खुणा करून कागद परत पाठवावा.

तुमची,
लेक