कॅप्टन नसल्याने रद्द केलेल्या नागपूर–पुणे विमानाबाबत तक्रार व भरपाईची मागणी

दिनांक : २ मार्च २०२६

प्रति,
मा. नोडल अधिकारी (प्रवासी तक्रार निवारण),
संबंधित विमान कंपनी.

विषय : दि. २० फेब्रुवारी २०२६ रोजी रात्री ९.५० वाजता नागपूरहून पुण्यास सुटणारे विमान ऐनवेळी रद्द केल्याबाबत.

महोदय/महोदया,

वरील विमानाची माझी व माझ्या पत्नीची तिकिटे कायम झालेली होती आणि आम्ही वेळेत सोनेगाव विमानतळावर पोहोचून, सामान देऊन, सुरक्षा तपासणी आटोपून गेटपाशी बसलो होतो. विमान समोर उभे होते. केबिन क्रू आणि सहवैमानिक आत गेल्याचे आम्ही सर्वांनी पाहिले. नव्हता तो फक्त कॅप्टन. आपल्याकडून आलेल्या पहिल्या संदेशात सुटण्याची नवी वेळ १०.४० होती, दुसऱ्यात ११.३०, तिसऱ्यात १२.१५, आणि तिन्ही संदेशांत कारण एकच, ‘ऑपरेशनल’. अखेर रात्री पाऊण वाजता विमान रद्द झाल्याचे तोंडी सांगण्यात आले. गेटवरच्या आपल्या ड्यूटी मॅनेजरांनी खरे कारण सांगितले, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारीच आहे : आमचे विमान नेणारे कॅप्टन आपल्याच दुसऱ्या विमानाने नागपूरला यायचे होते, ते विमान उशिरा आले, आणि ते उतरेपर्यंत कॅप्टनांची ड्यूटी मर्यादा, म्हणजे नियमाने ठरलेली कामाची वेळ, संपली. नागपुरात दुसरा कॅप्टन स्टँडबायवर, म्हणजे राखीव, नव्हता.

प्रथम हे स्पष्ट करतो की त्या कॅप्टनांविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही. मर्यादा संपल्यावर त्यांनी विमान नेले नाही हे योग्यच झाले. माझी तक्रार ज्यांनी त्यांच्या वेळेचा शेवटचा मिनिटसुद्धा वेळापत्रकात आधीच खर्ची घातला होता, त्यांच्याविरुद्ध आहे.

मी आधी केलेल्या तक्रारीला आपल्या ग्राहक सेवा केंद्राने २४ फेब्रुवारीस पाठविलेल्या ई-मेलमध्ये दोन गोष्टी म्हटल्या आहेत : वैमानिकांच्या विश्रांतीच्या सरकारी नियमांमुळे विमान रद्द करावे लागले, आणि म्हणून ही परिस्थिती कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची होती. यातील दुसरी गोष्ट मला मान्य नाही. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) हे सुधारित नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. ते १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते, ते लांबणीवर पडले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि शेवटी १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अंमल सुरू झाला. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर जाणार, मध्यरात्री १२ ला सुरू होणारी ‘रात्र’ पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत मोजली जाणार आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ वर येणार, हे आपल्या नियोजन विभागाला जवळजवळ दोन वर्षे ठाऊक होते. पूर, दंगल किंवा धुके यांच्या पंक्तीला असा नियम बसविता येत नाही.

वैमानिक अचानक सोडून गेले असेही म्हणता येणार नाही. कमांडरने, म्हणजे कॅप्टनने, नोकरी सोडण्याआधी एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची सूचना द्यावी, असा डीजीसीएचाच नियम आहे. म्हणजे पुढच्या वर्षभरात आपल्याकडे किती कॅप्टन असतील याचा अंदाज इतर कोणत्याही धंद्यातील मालकापेक्षा आपल्याला अधिक चांगला बांधता येतो. एका वैमानिकाला वर्षाला १,००० तासांहून जास्त उड्डाण करता येत नाही हेही ठरलेले आहे. रजा, प्रशिक्षण, आजारपण वजा जाता प्रत्येक विमानामागे किती कॅप्टन लागतील, हा हिशेब कागदावर बसतो. तो बसत नसेल तर सेक्टर (उड्डाणे) कमी विकावेत.

मी एसटीच्या आगारात वाहतूक विभागात नोकरी केली आहे, म्हणून हे थोडे अधिकाराने लिहितो. चालकांच्या ड्यूट्या लावताना राखीव चालक बाजूला ठेवावाच लागतो. तो दिवसभर बसून राहिला तर वरिष्ठांना ते वाया गेलेले मनुष्यबळ वाटते, पण ज्या दिवशी घाटात गाडी अडकते त्या दिवशी तोच मुक्कामाची गाडी काढतो. आपल्या कंपनीच्या जाहीर निवेदनांत क्रूच्या ‘कार्यक्षम वापरा’चे कौतुक असते. तो वापर किती ताणलेला होता, हे आमच्या विमानाच्या वेळेवरूनच दिसते : ठरल्याप्रमाणे ते पुण्यात ११.१५ ला उतरणार होते, म्हणजे ‘रात्र’ सुरू व्हायला अवघी ४५ मिनिटे उरत होती. आधीच्या सेक्टरला तासभर उशीर झाला की नियमांच्या दृष्टीने सगळे गणितच बदलणार, हे वेळापत्रक आखणाऱ्याला दिसले नसेल यावर माझा विश्वास नाही. दिसले असणार, आणि तरीही नागपुरात स्टँडबाय कॅप्टन ठेवण्याचा खर्च नको म्हणून प्रवाशांच्या माथी जोखीम मारली असणार.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीची हजारो उड्डाणे याच कारणाने रद्द झाली, सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली आणि त्या कंपनीला आपले वेळापत्रक १० टक्क्यांनी कमी करावे लागले. ते सारे डोळ्यांसमोर घडूनही आपण फेब्रुवारीत त्याच पद्धतीने रोस्टर लावत असाल, तर पुढच्याच्या ठेचेने मागचा शहाणा होतो ही म्हण आपल्या कंपनीला लागू पडत नाही असे म्हणावे लागेल.

उशीर टप्प्याटप्प्याने कळविल्याने आमचे वेगळे नुकसान झाले. १०.४० वाजताच खरी स्थिती सांगितली असती, तर पुण्याची रात्रीची एखादी ट्रॅव्हल्स तरी मिळाली असती. साडेबारानंतर काहीच उरले नव्हते. चार तासांत मिळाले ते एक चिवड्याचे पाकीट आणि पाण्याची बाटली. पत्नीचे गुडघ्याचे दुखणे असताना वर्धा रोडवर स्वखर्चाने हॉटेल शोधावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने आम्ही पुण्यास पोहोचलो.

प्रवाशांच्या हक्कांबाबतच्या डीजीसीएच्या नियमांनुसार, एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी पूर्वसूचना न देता विमान रद्द झाल्यास ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई देय आहे. ही रक्कम दोन्ही तिकिटांवर मिळावी. आपण देऊ केलेले व्हाउचर मला नको. प्रवाशाच्या लेखी संमतीशिवाय ते रोख भरपाईच्या जागी देता येत नाही. हॉटेल व टॅक्सीचा खर्च सोबतच्या पावत्यांप्रमाणे वेगळा द्यावा. त्याशिवाय त्या रात्री नागपूर व पुणे येथे आपले किती कॅप्टन स्टँडबायवर होते आणि या विमानाच्या वेळेत किंवा क्रूच्या नियोजनात आपण काय बदल करणार आहात, याचे लेखी उत्तर मिळावे.

पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी सरकारच्या एअरसेवा या विमान प्रवाशांच्या तक्रारींच्या पोर्टलवर आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मी राहतो त्या पुणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

कळावे,

आपला,
एक प्रवासी
(नाव, पत्ता व पीएनआर क्रमांक स्वतंत्र पानावर)

सोबत : तिकिटे, बोर्डिंग पास, आपले तिन्ही संदेश व ई-मेल, हॉटेल व टॅक्सीच्या पावत्या.