अमेरिका शिकवायची तर तंबाखूपासून सुरुवात करा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

अमेरिकी राज्यक्रांती वर्गात बहुधा १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात पाण्यात फेकलेल्या चहापासून सुरू होते, आणि तिथेच चूक होते. चहावर नवा कर बसला म्हणून लोक उठले, असं मुलं लिहितात. प्रत्यक्षात रत्तलामागे (रत्तल म्हणजे सुमारे अर्धा किलो) ३ पेन्सचा ब्रिटिश कर १७६७ पासूनच होता. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला वसाहतींत थेट माल धाडायची सवलत दिली. त्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता आणि तिथल्या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय येणार होता. हा राग समजायला आधीची दीडशे वर्षं ठाऊक असावी लागतात. त्यासाठी पाठ्यपुस्तकात व्हर्जिनियाच्या तंबाखूला चार पानं द्यावीत, एवढीच आमची मागणी आहे.

पुढे अमेरिका झालेल्या ब्रिटिशांच्या तेराही वसाहती एकाच साच्यातल्या नव्हत्या. मॅसॅच्युसेट्समध्ये मासेमारी आणि गावसभा, कॅरोलिनात भातशेती. पण पीक, कायदा आणि गुलामी यांची गाठ व्हर्जिनियात सर्वांत स्पष्ट दिसते.

१६०७ मध्ये व्हर्जिनियात इंग्रजांचं जेम्सटाउन वसलं. १६०९-१० च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत बहुतेक वसाहतवाले मेले. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने कॅरिबियन बेटांकडचं गोडसर तंबाखूचं बी लावून पाहिलं आणि वसाहतीला विकण्याजोगा माल मिळाला. कागल-निपाणी पट्ट्यातल्या मुलांना पुढचं काम सांगावंही लागणार नाही. हिवाळा सरताना राख मिसळलेल्या वाफ्यात तरवा टाकायचा, मे महिन्यात पाऊस झाला की मातीच्या ढिगांवर रोपं लावायची. मग शेंडा खुडायचा, बगलफुटवे काढत राहायचे, पानावरच्या अळ्या हाताने वेचायच्या. उन्हाळा संपता संपता झाडं कापून कोठारात पाच-सहा आठवडे टांगायची. पान नेमकं सर्द असतानाच उतरवायचं : कोरडं असलं तर चुरा होतो, फार ओलं असलं तर पिंपात कुजतं. एका माणसाच्याने दोन-तीन एकरांहून जास्त निभत नसे. शिवाय तीन-चार पिकांत जमीन थकायची.

सगळं राजकारण या दोन अडचणींतून निघालं. नवी जमीन हवी म्हणून वसाहतवाले तिथल्या मूळ रहिवासी पॉव्हाटन लोकांच्या शेतांत घुसत गेले. मार्च १६२२ मध्ये पॉव्हाटनांनी केलेल्या हल्ल्यात ३४७ वसाहतवाले मारले गेले, त्याचं मुख्य कारण हेच. माणसं हवीत म्हणून, जो कोणी मजूर आणेल त्याला माणशी ५० एकर जमीन देण्याची पद्धत पडली. इंग्लंडचे गरीब लोक जहाजाच्या भाड्यापोटी साधारण ४ ते ७ वर्षांच्या करारावर राबायला येत.

१६१९ हे वर्ष तर फळ्यावर लिहून ठेवावं. ३० जुलैला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये २२ निवडून आलेले प्रतिनिधी बसले. याच सभेने उत्तम तंबाखूचा भाव रत्तलाला ३ शिलिंग आणि दुय्यम प्रतीचा १८ पेन्स धरला. ऑगस्टअखेर त्याच वसाहतीच्या किनाऱ्यावर, पॉइंट कम्फर्टला, विसाहून थोडे जास्त आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले. पुढे अशाच प्रतिनिधींच्या सभेने १६६२ मध्ये ठरवलं की आई गुलाम असेल तर मूलही गुलाम. १७०५ मध्ये असे कायदे एकत्र बांधले गेले. लोकप्रतिनिधींची सभा आणि गुलामी एकाच अंगणात वाढल्या, हे मुलांपासून लपवू नये.

नाणं दुर्मीळ असल्याने कर आणि पगारही ऐनजिनसी, म्हणजे तंबाखूत. लोक घाण माल पिंपात भरू लागले, तेव्हा १७३० च्या कायद्याने सरकारी वखारी आल्या. तपासनीस पिंप उघडून पाही, वाईट पान जाळलं जाई आणि चांगल्या मालाची पावती मिळे. ती पावती चलनासारखी फिरे.

इथे गणिताचा तास घ्यावा. धर्मोपदेशकाचा वार्षिक पगार १६,००० रत्तल तंबाखू, म्हणजे सुमारे ७,२५० किलो. १७५८ च्या दुष्काळात भाव ६ पेन्सच्या आसपास गेला. त्या दराने (२४० पेन्सचा १ पौंड) पगार ४०० पौंड झाला असता. सभेने २ पेन्स दराने रोख द्यायचा कायदा केला, म्हणजे जेमतेम १३३ पौंड. उपदेशकांनी लंडनला धाव घेतली आणि राजाने कायदा रद्द केला. डिसेंबर १७६३ मध्ये भरपाईच्या खटल्यात उपदेशकाच्या विरुद्ध पक्षाचा वकील पॅट्रिक हेन्री याने बाजू मांडली की लोकहिताचा कायदा रद्द करणारा राजा आज्ञापालनाचा हक्क गमावतो. पंचांनी उपदेशकाला भरपाई दिली : १ पेनी. बोस्टनचा चहा पाण्यात पडायला अजून दहा वर्षं होती.

या पानांचं आपल्याकडे आणखी एक काम आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. मुलं फुले शिकतात, पण ती गुलामी कायद्याने कशी घडवली गेली हे त्यांना कुठे भेटत नाही. अभ्यासक्रमाच्या पुढच्या फेरतपासणीत या चार पानांना जागा द्यावी आणि चहाच्या कराची दुरुस्ती शिक्षक-हस्तपुस्तिकेत करावी, ही विनंती.

आपले नम्र,
इतिहास शिकवणारे काही शिक्षक