मिटलेले टॅब परत आणणे आधी शिकवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचवटीतील एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी विद्यार्थ्यांना संगणकाच्या कामात मदत करतो. अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका, शासन निर्णय अशी इंटरनेटवरील कितीतरी पाने ब्राउझरमध्ये वेगवेगळ्या टॅबमध्ये उघडून बसलेल्या मुलाचा एक टॅब मिटवताना विंडोच्या कोपऱ्यातल्या फुलीवर हात पडतो आणि सगळे एकदम नाहीसे होते, हे तेथे नेहमी पाहायला मिळते. दिंडोरी-पेठकडून बसने येणाऱ्या मुलांना परतीची गाडी गाठायची असते. त्यामुळे घाबरून ती सगळी शोधाशोध पहिल्यापासून सुरू करतात. याची बहुधा गरज नसते, आणि हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, याचे मला फार वाईट वाटते.

क्रोम, एज किंवा फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि टी ही तीन बटणे एकत्र दाबली की शेवटी मिटलेला टॅब परत उघडतो. पुन्हा दाबल्यास त्याच्या आधीचा. क्रोमची संपूर्ण विंडो बंद झाली असेल, तर क्रोम पुन्हा सुरू करून हीच बटणे दाबावीत, सगळे टॅब एकदम परत येतात. फायरफॉक्सच्या हिस्ट्री मेनूत मागील सत्र, म्हणजे ब्राउझर बंद होताना उघडे असलेले सगळे टॅब, परत आणण्याचा स्वतंत्र पर्याय आहे. मात्र हे लगेच करावे. ब्राउझर साधारणपणे नुकत्याच संपलेल्या सत्राचीच नोंद हाताशी ठेवतो. गोंधळून तो दोन-तीनदा उघड-बंद केला, तर हव्या असलेल्या सत्राची जागा रिकामे सत्र घेते. तसे झालेच, तर कंट्रोल आणि एच दाबून हिस्ट्रीतून, म्हणजे पाहिलेल्या पानांच्या यादीतून, एकेक पान शोधावे लागते. इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे हिस्ट्री न ठेवणाऱ्या खासगी विंडोत, उघडलेली पाने विंडो बंद झाल्यावर यांपैकी कशानेही मिळत नाहीत, आणि अर्जात भरलेली पण जतन न केलेली माहिती परत येईल याचाही भरवसा धरता येत नाही. म्हणून लांबलचक अर्ज भरताना प्रत्येक टप्प्यावर तो जतन करावा.

संगणक वर्गांत टंकलेखन आणि तक्ते शिकवण्यापूर्वी पहिल्याच आठवड्यात हे करून दाखवावे, आणि अभ्यासिका व सायबर कॅफेचालकांनी प्रत्येक संगणकाशेजारी या बटणांची मराठी चिठ्ठी चिकटवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घरच्या संगणकावर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’ हा पर्याय निवडला की ब्राउझर उघडताच मागचे टॅब आपोआप येतात. सार्वजनिक संगणकावर मात्र तो चालू ठेवू नये, कारण आधीच्या विद्यार्थ्याचे उघडे राहिलेले ईमेल खाते नंतर बसणाऱ्याच्या समोर येऊ शकते.

आपला विश्वासू,
एक वाचक, पंचवटी, नाशिक