मुदत वाढवल्याने टाइमआउट जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या अनेक शाळा, पतपेढ्या, गणेशोत्सव मंडळं यांच्या साइट्स पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत केलेल्या असतात. ऐन गर्दीत त्या अधूनमधून 'टाइमआउट' दाखवतात, पाच-दहा मिनिटांनी आपसूक सुरूही होतात. मग ठेकेदार ठरलेला उपाय करतो : 'मॅक्स एक्झिक्युशन टाइम' (स्क्रिप्टला, म्हणजे साइटच्या पीएचपी प्रोग्रॅमला, चालायला दिलेली कमाल मुदत) ३० सेकंदांवरून ३००. बिल लागतं, दुखणं तसंच.

कारण लिनक्सवर ही मर्यादा स्क्रिप्टने स्वतः काम केलेला वेळच मोजते. डेटाबेसची किंवा बाहेरच्या सर्व्हरची वाट पाहण्यात गेलेला वेळ तीत धरत नाहीत. (विंडोजवर मात्र घड्याळाप्रमाणे मोजतात.) साइटपुढे एन्जिनएक्स (वाचकांच्या विनंत्या घेऊन पीएचपीकडे देणारा वेब सर्व्हर) असेल, तर पडद्यावर येणारा '५०४', म्हणजे 'मागून वेळेत उत्तर आलं नाही' हा संदेश, त्याचा असतो आणि त्याची मूळ मुदत ६० सेकंद.

वर्गणीच्या पावतीचंच घ्या. पावती निघताना स्क्रिप्ट एसएमएस कंपनीच्या सर्व्हरला विचारते. तो एरवी झटकन उत्तर देतो, कधीमधी देतच नाही. कर्लला (पीएचपीतून दुसऱ्या सर्व्हरला विचारणा करणाऱ्या साधनाला) मुदत घालून दिली नसेल तर जोडणी झाल्यावर तो उत्तरासाठी कितीही वेळ थांबतो. एफपीएमचे (पीएचपी चालवणाऱ्या व्यवस्थेचे) २० वर्कर, म्हणजे एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या प्रक्रिया, विनंतीमागे पाव सेकंदाच्या हिशेबाने सेकंदाला ८० विनंत्या उरकतात. तेच प्रत्येकी ६० सेकंद अडकले, तर मिनिटाला जेमतेम २०. त्यात एन्जिनएक्सने हात वर केले तरी मागचा वर्कर मोकळा होतोच असं नाही, कारण अडकलेली विनंती तोडणारा एफपीएमचा 'रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट' मुळात बंद असतो. वीसही अडकले की एसएमएसशी काडीचा संबंध नसलेलं मुखपृष्ठसुद्धा उघडत नाही. वर्कर वाढवले तर मेमरी संपते, आणि अडकायला आणखी वर्कर मिळतात इतकंच.

तेव्हा आधी अडतंय कुठे ते बघा. एफपीएमच्या पूल फाइलमध्ये (वर्करांच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'रिक्वेस्ट स्लोलॉग टाइमआउट' ५ सेकंद ठेवा, 'स्लोलॉग'ला फाइलचा पत्ता द्या, एफपीएम रीलोड करा. स्क्रिप्ट कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर थांबली होती, ते त्यात उतरतं. वरच्या ओळीत 'कर्ल एक्झेक' दिसलं तर दोष बाहेरच्या सर्व्हरकडे. जोडणीला ३ आणि एकूण १० सेकंदांची मुदत घाला; त्याहून बरं म्हणजे एसएमएस एका टेबलात नोंदवून ठेवा आणि दर मिनिटाच्या क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) पाठवा. 'सेशन स्टार्ट' दिसलं, तर त्याच माणसाची दुसरी टॅब सेशनची (त्या माणसाच्या लॉगिन वगैरेच्या नोंदीची) फाइल धरून बसली आहे. सेशनमध्ये लिहून झाल्याबरोबर 'सेशन राइट क्लोज' करा. पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारे दुवे) दिसलं तर मायएसक्यूएल या डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग (संथ प्रश्नांची नोंद) सुरू करा. तो मुळात बंद असतो, सुरू केला तरी १० सेकंदांखालचं काही टिपत नाही. त्या १० च्या जागी १ सेकंद लिहा.

सेकंदांचा आकडाही बरंच सांगून जातो. खोळंबा दर वेळी ५० सेकंदांचा असेल तर बहुधा इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या साठवण यंत्रणेच्या) लॉकची, म्हणजे दुसऱ्याने अडवलेली नोंद मोकळी होण्याची वाट पाहण्याची, मुदत संपते आहे. ५ किंवा १० चा असेल तर डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी व्यवस्था) तपासा. हे फारसं कोणी बघत नाही.

संस्थाचालकांनी दुरुस्तीचं बिल मंजूर करण्याआधी त्या दिवसाची स्लोलॉगची फाइल मागून घ्यावी.

— सर्व्हर सांभाळणारा एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई